आज भाकरी किती थापल्या?

आबा, काल एक मुलगी तुमची सही घेऊन माझ्या दारात आली. इथं सांगलीत ज्या कॉलेजात मी आयुष्यभर शिकवलं, तिथलीच विद्यार्थिनी. लढाईच्या दिवसांत सरकारनं गावोगाव शिधा कसा वाटला, यावर पीएच.डी. करते आहे. पिशवीतून तिनं एक झेरॉक्स काढली आणि माझ्यापुढं ठेवली. सातारा जिल्ह्यातल्या तलाठ्यांना काढलेलं परिपत्रक, वर कचेरीचा शिक्का, खाली 'कलेक्टरांकरिता' आणि त्याखाली तुमची ती लांब शेपटाची सही. "मॅडम, घरात माणसं किती असं विचारायचं नाही, आज भाकरी किती थापल्या आणि कुणाकुणाला वाढल्या असं विचारायचं! चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका सरकारी माणसाला हे सुचलं! बायकांचा एवढा विचार करणारे हे गृहस्थ कोण, तुम्हाला काही माहिती आहे का?" आपलं आडनाव निम्म्या जिल्ह्याचं, म्हणून तिला शंका आली नाही. मी तिला चहा दिला, बिस्किटं दिली आणि सांगितलं, मला काही माहिती नाही. ती गेल्यावर कपबशी मोरीत अशी आदळली की कपाचा कान तुटला. तुम्हाला जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली. पण आपलं भांडण अर्धं राहिलं आहे आणि अर्धवट काम मला खपत नाही. हा गुण तुमचाच असेल तर असो.

सुरुवात तुम्हीच केलीत, हे आधी सांगते. पहिल्या लढाईत तुम्ही पलटणीबरोबर बसऱ्याला होतात, लिहिण्याच्या कामावर. तिथल्या इस्पितळात तुम्ही एक गोरी नर्स पाहिलीत. तिच्या हातात कागदांची फाइल असायची आणि ती एक वाक्य बोलली की मोठमोठे अंमलदार गप्प बसायचे. ही गोष्ट तुम्ही आम्हाला इतक्या वेळा सांगितलीत की त्या बाईचा चेहरा मला आज काढून दाखवता येईल. ऊस लावणाऱ्या आणि पोरगं मिसरूड फुटायच्या आत पलटणीत धाडणाऱ्या आपल्या घरातून तुम्ही सात वर्षांची मुलगी उचललीत आणि पाचगणीच्या कॉन्व्हेंटात नेऊन ठेवलीत. भावकी म्हणाली, "पोरीला बाटवताय काय?" तुम्ही म्हणालात, "मडम करतोय." मी मडम झाले. बूट घालायला शिकले, काट्यानं बटाटा खायला शिकले. आणि एक गोष्ट शिकले ती जन्मभर पुरली. शेजारच्या मुलीचा निबंध मी उतरवून काढला होता. मदरनं माझी बोटं टेबलावर पसरली, पट्टीच्या कडेनं मारली आणि म्हणाली, "दुसऱ्याचं घेतलंस तर त्याचं नाव लिही. नाव लिहिलंस तर तो अभ्यास, नाही लिहिलंस तर ती चोरी." बोटांवरचे वळ मी सुट्टीत घरी येऊन तुम्हाला दाखवले. तुम्ही म्हणालात, "बरोबर केलं बाईनं." लक्षात आहे ना?

बी.ए. मी सांगलीत मावशीकडं राहून केलं. मग मुंबईला एम.ए. करायचं म्हटल्यावर मात्र तुमचा पाय अडखळला. आज त्या विषयाला सामाजिक धोरण असं भारदस्त नाव आहे, तेव्हा तो समाजशास्त्रातच मोडायचा. सरकार एखादी गोष्ट ठरवतं ती माणसाच्या घरापर्यंत पोचते का, पोचत नसेल तर वाटेत कुठं अडते, एवढंच मला पाहायचं होतं. प्रबंध लिहून पदवी मिळवायची होती. तुम्ही म्हणालात, "बी.ए.ला नवरा गावंना, एम.ए.ला तर साक्षात देवच उतरायला पायजे." मी म्हणाले, "उतरला तर त्याची जात आधी तुम्हीच विचाराल." आई चुलीपुढं बसून हसू दाबत होती. तिला इंग्रजीच काय, मराठी अक्षरही येत नव्हतं, पण मी कुठं लागट बोलले ते तिला बरोबर कळायचं. शेवटी तुम्ही एक अट घातलीत. गावोगाव हिंडायचं तर एकटीनं नाही, आईला संगं न्यायचं. ती अट तुम्ही घातली नसतीत तर पुढचं काहीच झालं नसतं. माझी पदवी नाही, तुमची बढतीही नाही.

दुसऱ्या लढाईचं शेवटचं वर्ष. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती सर्व्हिस मोटार, मागं बंब लावलेली, मलकापूरपाशी बंद पडते आणि आम्ही दोघी उरलेली वाट चालत जातो. माझ्या खांद्याला पिशवी, पिशवीत मी स्वतः तयार करून छापून घेतलेले फॉर्म. आईच्या डोक्यावर भाकरीचं गठुडं. रेशनच्या कार्डांसाठी घरं मोजून झाली होती. ती यादी साताऱ्याच्या कलेक्टर कचेरीत, तुमच्या धान्य शाखेत तयार झालेली, तुमच्या सहीची. साखर, रॉकेल, कापड, आणि दुष्काळी भागात ज्वारी, सगळं त्या यादीवरून मिळायचं. यादीत ज्या घरापुढं 'बंद' असा शेरा, त्याला कार्ड नाही. मी ती यादी घेऊन तीन गावांत फिरायचं ठरवलं होतं. पहिल्या गावात, पहिल्या आळीत, पहिल्या दारात मी माझ्या कॉन्व्हेंटच्या मराठीत विचारलं, "कुटुंबप्रमुख घरी आहेत का?" दारातली बाई म्हणाली, "कोन?" मी म्हणाले, "घरातले मुख्य." ती म्हणाली, "न्हाईत." "मग घरात कोण आहे?" "कुनी न्हाई." मी लिहिलं, घर बंद. पुढच्या दारात तेच. त्याच्या पुढच्या दारात तेच. दुपारपर्यंत निम्मी आळी मी बंद करून टाकली. माझे आकडे तुमच्या यादीशी तंतोतंत जुळत होते आणि मी खूश होते. कचेरीचं काम किती चोख आहे, असं एक वाक्यसुद्धा मनात जुळवून ठेवलं होतं.

ओढ्याकाठच्या करंजाखाली आईनं गठुडं सोडलं आणि ती हसायला लागली. थांबेचना. "काय झालं?" म्हटलं तर डोळ्याला पदर लावून म्हणते, "आगं, ती बया तुज्यासमूर हुबी, काखंत पोर, आत सासू खोकतीया, आन् तू लिवतीस घर बंद?"

"तीच म्हणाली ना, कुणी नाही म्हणून!"

"मग काय म्हनंल? दारात परका मानूस आला की बाईला इच्यारत्यात ते बाप्याचंच. बाप्या न्हाई म्हंजी कुनी न्हाई. मी काय येगळं सांगती व्हय? तुजे आबा कचेरीत गेले आन् कुनी हाळी दिली, तर मी बी आतनं वरडती, घरात कुनी न्हाई."

भाकरीचा घास माझ्या हातात तसाच राहिला. पलटणीत गेलेल्यांची घरं, मेंढरं घेऊन खाली उतरलेल्यांची घरं, मुंबईला गिरणीत गेलेल्यांची घरं. त्यात ते चळवळीचे दिवस, पोलीसही दारात येऊन हाच प्रश्न विचारायचे, त्यामुळं "कुनी न्हाई" हे उत्तर बायकांच्या जिभेवर तयारच असायचं. तुमचा तलाठी रस्त्यात उभा राहायचा, कोतवाल दारापाशी जाऊन ओरडायचा, आतून उत्तर यायचं आणि तलाठी लिहायचा, बंद. ज्या घरातला माणूस सरकारसाठी लढायला गेला होता, नेमकं तेच घर सरकारच्या यादीत नव्हतं.

मी आईला विचारलं, "मग विचारू तरी काय?"

तिनं बोटाला लागलेली चटणी चाटली आणि म्हणाली, "इच्यार, बाई, आज भाकरी किती थापल्या? आन् कुनाकुनाला वाडल्या? त्याला घरात बाप्या लागत न्हाई."

दुपारी आम्ही त्याच आळीत परत गेलो. या वेळी आई पुढं, मी मागं. आई उंबऱ्याबाहेर टेकायची, पाणी मागायची आणि विचारायची. मग काय, आबा, ती बंद घरं उघडली. "आज व्हय? नऊ थापल्या. मामंजीस्नी दोन, आत्याबाईस्नी दीड, दीर रानात गेल्यात त्यास्नी तीन, पोरांत दोन, आन् ऱ्हायली ती माजी." 'राहिली ती माझी' हे तर प्रत्येक घरात. त्यासाठी मी फॉर्मवर हातानं एक वेगळा रकाना आखला. माणदेशातल्या धनगरवाड्यावर एक म्हातारी म्हणाली, "सात. त्यातली एक कुत्र्याची. लिव, त्येबी घरचंच हाय." तिथंच एक ओली बाळंतीण भेटली. नवरा इटलीत लढत होता. तिचं घर तुमच्या यादीत बंद होतं, म्हणून रॉकेल नव्हतं, आणि ती चुलीच्या उजेडात बाळंत झाली होती. ती तक्रार करत नव्हती. आईनं विचारलं तेव्हा सहज सांगत होती. तीन गावांत मी लिहिणारी आणि आई विचारणारी, असंच चाललं. पोटतिडकीनं सांगते, माझ्या प्रबंधातलं एकही घर मी उघडलेलं नाही.

हे सगळं घेऊन मी साताऱ्याला आले. तुम्ही सोप्यात खुर्चीवर बसून पान जुळवत होता. मी बंद घरांचं प्रकरण तुमच्यापुढं ठेवलं. तुम्ही चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंत, एकेक शब्द बोटानं दाबत. मग म्हणालात, "म्हंजी माज्या सहीची यादी खोटी?"

"खोटी नाही. चुकीच्या प्रश्नाची आहे."

"हे प्रकरण काढून टाक."

"नाही काढणार."

"मामलेदारीसाठी माजं नाव वर गेलंय. कलेक्टराच्या कानावर गेलं, पोरीनंच बापाची यादी फाडली, तर काय हुईल? तुला पदवी पायजे का बाप पायजे?"

मी म्हणाले, "दोन्ही पाहिजेत. पण यादी एकच पाहिजे, खरी." तुम्ही कागद माझ्याकडं सारलात आणि पान तोंडात टाकलंत. मी ते प्रकरण काढलं नाही. आजही काढणार नाही. उलट मुंबईला जाऊन त्यात चार पानं वाढवली. तुम्ही त्यानंतर मला एकही पत्र लिहिलं नाहीत. मला वाटलं, तुम्ही रागावला आहात. तुम्ही कलेक्टरापुढं ठेवायचं भाकरीच्या प्रश्नाचं टिपण लिहिण्यात गुंतला होतात.

मुंबईत प्रबंधावरची तोंडी परीक्षा. लांब टेबलाच्या एका बाजूला मी, समोर माझे मार्गदर्शक आणि पुण्याहून आलेले परीक्षक, उपरणं घातलेले, धान्य समितीवर काम केलेले. त्यांनी माझं कौतुक करत सुरुवात केली, तेव्हाच मला सावध व्हायला हवं होतं. मग त्यांनी फायलीतून एक कागद काढला आणि माझ्याकडं फिरवला. "भाकरीची ही पद्धत तुम्ही स्वतः योजलेली, असं तुम्ही लिहिलं आहे. हे सातारा कचेरीचं परिपत्रक. यात शब्दाला शब्द हेच आहे, आणि हे तुमचा प्रबंध सादर होण्याआधीचं आहे. बाई, याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत असेल." आबा, मी खाली सही पाहिली. हे माझे वडील आहेत, असं मी म्हणू शकत नव्हते. म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, मग तर वडिलांचंच उचललंत. बोटांवर पट्टी बसावी तसं झालं, फरक इतकाच की या वेळी निबंध माझा होता आणि उतरवून काढला होता तुम्ही. परीक्षकांनी सांगितलं, ही पद्धत तुमची असल्याचं कचेरीकडून लेखी आणा, नाहीतर परिपत्रकाचा उल्लेख करा. तोवर पदवी नाही.

दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याच्या स्वयंपाकघरात उभी होते. तुम्ही पाटावर, पुढं ताट, आई काठवटीत पीठ मळते आहे. मी बसलेसुद्धा नाही. "ते परिपत्रक तुमचं?"

"कचेरीचं."

"प्रश्न कुणाचा?"

"प्रश्नाला काय मालक असतो व्हय? सरकारी कामात उपेगी पडलं ते सरकारचं."

"मग सरकारनं मला एक पत्र द्यावं. पद्धत आधी या मुलीनं वापरली, एवढंच."

तुम्ही घास खाली ठेवलात. "काय लिवू? लेकीकडनं घेतलं म्हनून? आन् त्यो इच्यारंल, कलेक्टर, लेकीला कुनी सांगितलं, तर काय सांगू? बायकूनं चुलीपुढनं शिकवलं?"

आई हात न थांबवता म्हणाली, "आवं, द्या की. कागूदच हाय."

"तुला न्हाई त्यातलं कळत."

"मला न्हाई कळत," आई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली, "तर मग माजा परश्न कशाला नेला कचेरीत?"

मला वाटलं, आता तुम्ही उठाल. तुम्ही उठला नाहीत. तुम्ही माझ्याकडं वळलात आणि शांतपणे म्हणालात, "तुजा प्रबंध मी वाचलाय. तू काय लिवलंयस? 'लेखिकेने स्वतः योजलेली पद्धत.' हिचं नाव कुटं हाय त्यात?" आणि जेवायला लागलात.

हा घाव तुम्ही बरोबर जागी घातलात. मी तेव्हा म्हणाले, "लिहीन. आईचं नाव लिहीन, आणि तुमच्या कलेक्टराला छातीठोकपणे वाचून दाखवीन." आई म्हणाली, "माजं नाव इंग्रजीत कसं दिसतंय त्ये बगायचंय मला." ती थट्टेनं म्हणाली. निदान मी ते थट्टेवारी नेलं.

पत्र तुम्ही दिलं नाहीत. परिपत्रकाबद्दल कलेक्टरनं तुमची पाठ थोपटली आणि पुढं तुम्ही मामलेदार झालात. भावकीत कंदी पेढे वाटलेत. माझ्या वाट्याचा पेढा मी भिंतीतल्या देवळीत ठेवला, त्याला मुंग्या लागल्या. तरीही एक गोष्ट मान्य करते, कारण खोटं बोलायला मी तुमच्यासारखी कचेरीत शिकलेले नाही. त्या परिपत्रकानंतर तलाठी भाकरी विचारू लागले आणि बंद घरांना कार्डं मिळाली. माझा प्रबंध कपाटात गेला, तुमचा कागद गावात गेला. माझ्या अभ्यासात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सरकारनं काय करायला हवं ते लिहिलं होतं, आणि ते केलं ते चोरानं. याचा राग मला जास्त येतो. चोरी वाया गेली असती तर तुम्हाला माफ करणं सोपं होतं.

पुढचा भाग मी तीस वर्षं वर्गात सांगत आले. मुली वही मिटून ऐकायच्या. मी परत मुंबईला गेले. परीक्षकांना म्हणाले, या पद्धतीचा आधार माझी आई, निरक्षर, वय चाळीसच्या आसपास. ते म्हणाले, निरक्षर बाईचं बोलणं हा आधार होऊ शकत नाही. मी म्हणाले, मग माझा सगळा प्रबंध निराधार आहे, कारण तो निरक्षर बायकांनीच सांगितला आहे. त्यावर त्यांनी सही केली आणि मला पदवी मिळाली. इथं वर्गात टाळ्या पडायच्या. एकदा गॅदरिंगमध्ये मुलींनी याचं नाटुकलंही बसवलं होतं. उपरणं घातलेला परीक्षक झालेल्या मुलीला मीच मिशा काढून दिल्या.

तुम्हाला नाटुकलं नको. तुम्हाला खरं माहीत आहे.

मी मुंबईला गेले, तेव्हा परीक्षक नव्हतेच. माझे मार्गदर्शक होते, दमलेले, भले गृहस्थ. ते म्हणाले, "बाई, एका ओळीचा प्रश्न आहे. परिपत्रकाचा उल्लेख करा, ते सही करतील. आईचं नाव घातलंत तर प्रबंध पुन्हा समितीपुढं जाईल, वर्ष जाईल, कदाचित सगळंच जाईल." सांगलीत नवं कॉलेज निघत होतं, तिथं माझा अर्ज गेलेला होता. लग्नाची दोन स्थळं मी परतवली होती. पदवीशिवाय घरी परतणं म्हणजे तुम्ही दाखवाल त्या घरात जाऊन भाकरी थापणं, आणि मला तर भाकरी थापताही येत नव्हती. मी खिडकीपाशी बसून टाइप केलेल्या पानाखाली एक ओळ लिहिली. चांगल्या कॉन्व्हेंटी इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात. 'ही पद्धत सातारा कचेरीच्या परिपत्रकातून घेतली आहे.' माझ्या हातानं मी आईचा प्रश्न तुमच्या नावावर लावला. तुम्ही चोरलात, आणि ती चोरी कायम केली मी. कालची ती मुलगी तुमच्यापर्यंत पोचली ती त्याच ओळीवरून.

प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन मी घरी आले, तो दिवस आठवतो? निळा कापडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. आई पीठ मळता मळता उठली, हात धुवायचं विसरली. "दाव, माजं नाव कुटं हाय?" मी पान उघडलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. दुसरं काय करणार होते? तिनं पिठाचं बोट त्या ओळीवरून हळूच फिरवलं, डावीकडून उजवीकडं, मी वाचताना फिरवते तसं. "लय बारीक लिवलंय गं," म्हणाली. तुम्ही माझ्या मागं उभे होतात. तुम्हाला इंग्रजी येत होतं, बसऱ्यापासून येत होतं. तुम्ही वाकून ती ओळ वाचलीत. मला वाटलं, आता तुम्ही मला पकडणार, त्या दिवशी जेवताना पकडलंत तसं. आई म्हणाली, "आवं, बगा की. बराबर हाय का?"

तुम्ही म्हणालात, "व्हय. हितंच हाय तुजं नाव."

ती खूश झाली. दोन घरं सोडून तिसऱ्या घरी सांगून आली. मरेपर्यंत तिला तेच माहीत होतं. तुम्ही ते तिला कधी सांगितलं नाहीत, मलाही त्यावरून कधी टोमणा मारला नाहीत. भांडणाला किती प्रसंग आले, माझी नोकरी, माझं एकटं राहणं, शेताची वाटणी. प्रत्येक वेळी ती ओळ तुमच्या हातात होती आणि तुम्ही ती काढली नाहीत. मी मात्र तुम्हाला शेवटपर्यंत चोर म्हणत राहिले, तुम्ही आजारी होतात तेव्हासुद्धा.

याबद्दल मी तुमचे आभार मानणार नाही. तुम्ही पत्र दिलं असतंत तर तुम्हाला खोटं बोलावं लागलं नसतं. हे मी तुमच्या तोंडावर म्हटलं असतं, आजही म्हणते, आणि हे पत्र पोचतं करणारी टपालपेटी असती तरी मी ते टाकलं नसतं, कारण तुम्ही जिंकल्यासारखं व्हाल. उद्या त्या मुलीला परत बोलावणार आहे. प्रश्न कुणाचा होता ते तिला सांगणार आहे, आईच्या नावासकट, आणि ती नक्की विचारणार, मॅडम, हे कुठं छापलेलं आहे का? कुठंच नाही. कपाटातली प्रत मगाशी काढून पाहिली. त्या ओळीवर पिठाचा डाग अजून आहे, पिवळट. आबा, त्या दिवशी आई शेजारी गेल्यावर मी तो पुसायला फडकं घेतलं होतं. तुम्ही माझा हात धरलात.